तंबाखूच्या जुन्या कार्डांवरील चित्रे: काय दाखवले आणि काय झाकले

१८८८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहरातील 'ॲलन अँड जिंटर' या सिगारेट कंपनीने आपल्या पाकिटांतून पन्नास कार्डांची एक मालिका वाटली. 'सेलिब्रेटेड अमेरिकन इंडियन चीफ्स', म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे नामांकित सरदार, असे तिचे नाव होते. दीड इंच रुंद आणि पावणेतीन इंच उंच अशा त्या कार्डांवर एकेका सरदाराचा चेहरा ठसठशीत रंगांत छापलेला होता. त्यांत अपाचे जमातीचा जेरोनिमोही होता. गिऱ्हाईक पाकिटातून त्याचे चित्र काढून कौतुकाने न्याहाळत होते, त्या वर्षी खरा जेरोनिमो अमेरिकी सरकारचा युद्धकैदी होता. सप्टेंबर १८८६ मध्ये त्याने शरणागती पत्करली आणि १९०९ मध्ये मरेपर्यंत त्याची सुटका झाली नाही. त्याच मालिकेतील सिटिंग बुल हा लकोटा नेता डिसेंबर १८९० मध्ये, त्याला अटक करायला आलेल्या पोलिसांच्या गोळीने मारला गेला.

एका बाजूला बंदिवान माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याचे रुबाबदार रंगीत चित्र, हा विरोध अपघाताने आलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूची जाहिरात-कार्डे वाचायची असतील, तर सुरुवात येथूनच करावी लागते. ही कार्डे वरवर पाहता निव्वळ शोभेची वाटतात, कारण त्यांवर पक्षी, झेंडे, नट्या, मल्ल, बेडूक, देवदूतासारखी गुबगुबीत बालके असे काहीही असू शकते, आणि तंबाखू मात्र पुष्कळदा नसतेच. जी वस्तू विकायची ती चित्रातून वगळायची आणि तिच्या जागी गिऱ्हाइकाला हवेसे वाटणारे दुसरे काहीतरी ठेवायचे, ही या कार्डांची मूळ युक्ती होती. त्यामुळे कार्डावर काय आहे हे पाहताना, काय असायला हवे होते आणि नाही, हेही विचारावे लागते.

कार्ड कोठून आले

या लेखात दोन प्रकारच्या कार्डांचा विचार केला आहे. पहिला प्रकार व्यापारी कार्डांचा. दुकानदार ती गल्ल्यावर ठेवी किंवा मालासोबत देई, आणि त्यांवर एका बाजूला चित्र व दुसऱ्या बाजूला दुकानाचा पत्ता व मालाची स्तुती असे. दुसरा प्रकार सिगारेटच्या पाकिटात घातलेल्या लहान कार्डांचा. त्या काळी सिगारेटचे पाकीट पातळ कागदाचे असे आणि आतल्या सिगारेटी चुरगळत, म्हणून आधारासाठी एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा आत घातला जाई. तो कोरा तुकडा छापून घेतला तर फुकटात जाहिरात होते, हे १८७५ नंतरच्या दशकभरात कंपन्यांच्या लक्षात आले. ॲलन अँड जिंटर या कामात आघाडीवर होती.

व्यापारी कार्डांचा इतिहास याहून बराच जुना आहे. सतराव्या-अठराव्या शतकांतील लंडनमध्ये तंबाखू विकणारे दुकानदार माल ज्या कागदात बांधून देत, त्यावर ताम्रपटावरून छापलेले चित्र असे. जहाज, किनाऱ्यावर रचलेली तंबाखूची मोठी पिंपे, आणि तंबाखूच्या पानांचा मुकुट व पानांचाच घागरा घातलेली, हातात चिलमीसारखा लांब पाइप धरलेली एक काळी मानवाकृती, हा त्या चित्रांचा ठरलेला ऐवज होता. ही आकृती धड अमेरिकेच्या मूळ रहिवाशाची नव्हती आणि धड आफ्रिकी गुलामाचीही नव्हती. तंबाखू पिकवायला शिकवणारे मूळ रहिवासी आणि ती पिकवण्यासाठी जबरदस्तीने आणलेले आफ्रिकी लोक, या दोघांना लंडनच्या चित्रकाराने एकाच देहात कोंबले होते. पुढे दोनशे वर्षे तंबाखूच्या चित्रांत जे चालले, त्याचे बीज या विचित्र आकृतीत दिसते.

चित्रांची आणखी एक व्यावहारिक गरज होती. गिऱ्हाइकांपैकी अनेकांना वाचता येत नसे, त्यामुळे माल ओळखायचा तो खुणेवरून. बैल, वाघ, नांगर, घोड्याची नाल अशी खूण एकदा डोक्यात बसली की खेड्यातला शेतकरीही नेमकी तीच तंबाखू मागे. नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅमच्या 'बुल डरहॅम' तंबाखूचा बैल हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. १८६५ साली यादवी युद्ध संपत आले तेव्हा डरहॅमच्या परिसरात दोन्ही बाजूंचे सैनिक गोळा झाले होते. त्यांनी जॉन रफिन ग्रीन याच्या कारखान्यातील तंबाखू लुटली आणि घरी परतल्यावर हीच तंबाखू हवी म्हणून पत्रे पाठवली. मागणी आली, पण ओळख कशी पटवायची? सांगतात की इंग्लंडच्या कोलमन मोहरीच्या डब्यावरील बैलाचे डोके पाहून ग्रीनला आपली खूण सुचली. तंबाखूचा आणि बैलाचा काडीचाही संबंध नाही. पण बैल म्हणजे ताकद, शेती आणि पौरुष हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते, आणि खुणेचे काम तेवढ्याने भागत होते.

रंग स्वस्त झाले तेव्हा

१८७० ते १९०० या काळात कार्डांचा जो पूर आला, तो रंगीत शिळाछपाईमुळे. ही रीत समजून घेतली तर चित्रांचे रूपही समजते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने असे दाखवून दिले की गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढले आणि दगड ओला केला, तर छपाईची शाई फक्त तेलकट रेषांना चिकटते, कारण तेल आणि पाणी एकत्र येत नाही. दगड कोरावा लागत नाही, चित्रकार कागदावर काढतो तितक्या सहज त्यावर काढू शकतो. १८३७ मध्ये फ्रान्सच्या गोडफ्रुआ एंगेलमान याने अनेक दगडांच्या साहाय्याने रंगीत छपाई करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. छिटाच्या कापडावर प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा उमटवतात, तसा येथे प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे, आणि एकाच कागदावर आठ-दहा किंवा त्याहून अधिक दगड एकामागून एक अचूक जुळवून उमटवावे लागत. गालांवरची लाली किंवा आकाशाची उतरती छटा ही दगडावर हाताने टिपलेल्या असंख्य बारीक ठिपक्यांतून तयार होई. भिंग लावून पाहिले तर हे ठिपके आजही दिसतात.

बॉस्टनच्या लुई प्रँग याच्यासारख्या छापखानेवाल्यांनी हे तंत्र अमेरिकेत घरोघरी पोचवले, आणि १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनानंतर जाहिरात-कार्डांची हौस तेथे सर्वदूर पसरली. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ज्या समाजात घरात रंगीत चित्र असणे ही चैन होती, तेथे हे रंगीत चित्र फुकट हातात पडत होते. मुली आणि बायका ती कार्डे वह्यांत चिकटवून जपत. आज अशी हजारो कार्डे संग्रहालयांत पाहायला मिळतात, त्याचे मोठे श्रेय या वह्यांना आहे. मराठी वाचकाला या तंत्राची ओळख वेगळ्या वाटेने आहे. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत जर्मन यंत्रे आणि जर्मन कारागीर आणून जो छापखाना काढला आणि जो पुढे मळवलीला गेला, त्यातील लक्ष्मी आणि सरस्वती याच रीतीने दगडांवरून छापल्या गेल्या होत्या. त्या चित्रांतील झळाळते सोनेरी-तांबडे रंग आणि अमेरिकन सिगारेट-कार्डांचे रंग एका कुळातले वाटतात, कारण ते खरोखरच एका कुळातले आहेत.

छपाईच्या अर्थकारणाचा प्रतीकांवरही परिणाम झाला. छापखाने तयार चित्रांचे साठे ठेवत आणि मोकळ्या जागेत ज्याचे त्याचे नाव छापून देत, त्यामुळे तेच मांजराचे पिल्लू एका गावी तंबाखू विके, दुसऱ्या गावी साबण आणि तिसऱ्या गावी शिवणयंत्रे. म्हणून प्रत्येक चित्रातून तंबाखूविषयी काही गूढ अर्थ काढायला जाऊ नये. काही चित्रे निव्वळ गोंडस होती. अर्थ शोधायचा तो तंबाखू कंपन्यांनी खास स्वतःसाठी काढून घेतलेल्या चित्रांत, आणि तो तेथे भरपूर सापडतो.

पिसांचा मुकुट

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी तंबाखू ही पवित्र वस्तू होती. प्रार्थना, करार, पाहुण्यांचे स्वागत अशा प्रसंगी तिचा विधिपूर्वक वापर होई. व्हर्जिनियातील इंग्रज वसाहतीत जॉन रॉल्फ याने १६१२ च्या सुमारास दक्षिणेकडील गोड तंबाखूचे बी लावले आणि काही वर्षांतच ते नगदी पीक बनले. ज्या पोव्हाटन लोकांच्या भूमीवर हे घडले, ते पुढच्या शतकभरात तेथून बाजूला सारले गेले. तरीही तंबाखूच्या जाहिरातीत मूळ रहिवासी कायम राहिला. न्यूयॉर्कच्या लोरिलार्ड कंपनीच्या १७८९ च्या जाहिरातीत तो तंबाखूच्या पिंपाला टेकून पाइप ओढताना दिसतो, आणि पुढे अमेरिकेतील सिगारच्या दुकानांपुढे त्याचा लाकडी पुतळा उभा करण्याची पद्धतच पडली.

कार्डांवर त्याचे काम काय होते? तो मालाच्या अस्सलपणाची साक्ष देत होता. तंबाखू याच मातीतली आहे, जुनी आहे, निसर्गातून आलेली आहे, कारखान्यात काहीतरी मिसळून केलेली नाही, हे सांगायला त्याचा चेहरा पुरेसा होता. म्हणूनच त्याला नेहमी स्वस्थ, गंभीर आणि एकटे दाखवले जाई. त्याच्या मागे गाव नसे, शेत नसे, बायकामुले नसत, आणि अर्थात गोरा सैनिकही नसे. तंबाखू पिकवणारे पूर्वेकडील समाज आणि पिसांचा मोठा मुकुट घालणारे पश्चिमेकडील माळरानांवरचे समाज यांत हजारो मैलांचे अंतर आणि भाषेचा, पोशाखाचा संपूर्ण फरक होता, परंतु जाहिरातीला एकच 'इंडियन' पुरत असल्यामुळे मुकुट सगळ्यांच्या डोक्यावर चढला.

१८८८ च्या त्या मालिकेचे वेगळेपण असे की तिने या अनाम पुतळ्याला खरी नावे दिली. पण नावे दिली ती कधी? १८८७ मध्ये डॉज कायदा होऊन मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनींचे तुकडे पाडणे सुरू झाले होते आणि त्यांचा सशस्त्र प्रतिकार जवळपास संपला होता. शत्रू धोकादायक असेपर्यंत त्याचे चित्र कोणी खिशात बाळगत नाही. तो हरला, की त्याच्या शौर्याचे कौतुक करणे जिंकणाऱ्याला परवडते. मला ही मालिका त्या काळच्या कार्डांमध्ये सर्वांत देखणी आणि सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

जो राबत होता तो

मूळ रहिवाशाला निदान प्रतिष्ठेचा मुखवटा मिळाला. आफ्रिकी-अमेरिकी माणसाला तोही मिळाला नाही. अमेरिकेतील तंबाखूची लावणी, तोडणी, धुरीच्या कोठारात पाने वाळवणे आणि कारखान्यात पानांची मधली शीर काढणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः त्यांच्या हातांनी झाली. १८६५ पर्यंत गुलाम म्हणून आणि त्यानंतर अत्यल्प मजुरीवर. रिचमंडच्या कारखान्यांत सिगारेट वळण्याचे स्वच्छ काम गोऱ्या मुलींना दिले जाई आणि धुळीत बसून शिरा काढण्याचे काम कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांकडे असे.

व्यापारी कार्डांवर हेच लोक दिसतात ते विदूषक म्हणून. ओठ आणि डोळे मुद्दाम मोठे काढलेले, कपडे फाटके, तोंडी अशुद्ध म्हणून दाखवलेली बोली, आणि प्रसंग पडण्याचा, पळण्याचा किंवा फसण्याचा. दुसऱ्या एका प्रकारात म्हातारा सेवक जुन्या मळ्यावर समाधानाने पाइप ओढत बसलेला असे, जणू गुलामगिरीचा काळ हा सर्वांच्याच सुखाचा होता. १८७७ नंतर दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांचे हक्क एकेक करून काढून घेतले जात असताना ही चित्रे छापली जात होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांतील विनोदाचे काम कळते. ज्याच्यावर हसता येते त्याच्याविषयी अपराधी वाटत नाही. ज्या कष्टांवर सारा धंदा उभा होता ते कष्ट चित्रात आणायचे नसतील, तर कष्टकऱ्याला हास्यास्पद करणे हा सोपा मार्ग होता, आणि छापखान्यांनी तो बिनदिक्कत वापरला.

नट्या, मल्ल आणि धुराची स्वप्ने

सिगारेट-कार्डांचा स्फोट यंत्रामुळे झाला. कुशल कामगार दिवसाला हाताने सुमारे तीन हजार सिगारेटी वळत असे. व्हर्जिनियाच्या जेम्स बॉन्सॅक याने १८८१ मध्ये पेटंट घेतलेले यंत्र दहा तासांत सुमारे एक लाख वीस हजार सिगारेटी तयार करू लागले. डरहॅमच्या जेम्स ब्युकॅनन ड्यूक याने १८८४ मध्ये ते कारखान्यात बसवले. आदल्याच वर्षी केंद्र सरकारने हजार सिगारेटींवरील कर पावणेदोन डॉलरवरून अर्ध्या डॉलरवर आणला होता. माल प्रचंड झाला, स्वस्त झाला आणि सगळ्या कंपन्यांचा माल जवळपास सारखाच झाला. मग एकाच्या ऐवजी दुसऱ्याची सिगारेट का घ्यायची? या प्रश्नाचे उत्तर तंबाखूत नव्हते, ते कार्डात होते. पाठीमागे मालिकेतील पन्नासही चित्रांची यादी छापलेली असे, आणि सत्तेचाळीस जमली की उरलेल्या तिनांसाठी माणूस पुन्हा तेच पाकीट घेई. संच पुरा झाला की कंपनीकडून छापील आल्बमही मिळवता येई.

येथे एक अडचण होती, आणि तिच्यामुळे प्रतीकांची एक वेगळीच भाषा घडली. त्या काळच्या अमेरिकेत सिगार आणि पाइप ही भारदस्त पुरुषांची व्यसने मानली जात. बारीक, नाजूक सिगारेट ही परदेशी, बायकी, शहरी छंदीफंदी पोरांची गोष्ट समजली जाई. तेव्हा सिगारेटला मर्दपणा द्यायचा तर तो चित्रातून द्यावा लागणार होता. ॲलन अँड जिंटरच्या १८८७ च्या 'वर्ल्ड्‌स चॅम्पियन्स' मालिकेत मुष्टियोद्धा जॉन एल. सलिव्हन, बेसबॉलपटू, कुस्तीगीर, नौकाचालक, बिलियर्ड्‌सचे खेळाडू आणि नेमबाज आहेत. सिगारेट ओढून फुप्फुसे मजबूत होतात असे कार्डावर कोठेही म्हटलेले नाही, तसे म्हणण्याची गरजही नव्हती. एकाच पाकिटात सिगारेट आणि मल्ल शेजारी शेजारी राहिले की उरलेले काम पाहणाऱ्याचे मन करते. नेमबाजांत ॲनी ओकली ही स्त्रीही होती, हे मात्र आवर्जून सांगायला हवे, कारण इतर कार्डांवरील बायका कोणत्याही गोष्टीत निपुण म्हणून आलेल्या नाहीत.

त्या आल्या होत्या पाहिल्या जाण्यासाठी. ड्यूक, किनी आणि इतर कंपन्यांनी नट्यांची छायाचित्रे व रंगीत चित्रे पाकिटांतून अक्षरशः ढिगाने वाटली. घट्ट पायमोजे, उघडे खांदे, पंखा, छत्री, चिमुकला मुखवटा अशी सामग्री त्यांत वारंवार येते. रंगभूमीवरचा पोशाख आहे अशी सबब असल्यामुळे, एरवी सभ्य घरात न खपणारे चित्र येथे खपून जाई. ॲलन अँड जिंटरने तर बायकांना बेसबॉलच्या पोशाखात उभे करूनही कार्डे काढली. सभ्य स्त्रीने सिगारेट ओढणे निषिद्ध असलेल्या समाजात पुरुषाच्या पाकिटात मात्र स्त्री हवी होती. ती स्वतः सिगारेटइतकीच हलकी, सुबक आणि एकामागून एक मिळणारी अशी दाखवली जाई. यावर धर्मगुरूंनी टीका केली. खुद्द ड्यूकचे वडील वॉशिंग्टन ड्यूक यांनी १८९४ मध्ये मुलाला पत्र लिहून ही कामुक चित्रे थांबवण्याची विनंती केली होती.

याच कुळातील एक सुंदर युक्ती व्यापारी कार्डांवर दिसते. आरामखुर्चीत बसलेला माणूस सिगार ओढतो आहे, धूर वर जातो, वळतो, आणि त्या वेटोळ्यांत प्रेयसीचा चेहरा, बालपणीचे घर किंवा राजवाडा दिसू लागतो. तंबाखूचा सर्वांत त्रासदायक भाग, म्हणजे धूर, येथे स्वप्नाचा पडदा झाला. चित्रकाराच्या हुशारीची दाद द्यावीशी वाटते. सिगार ओढणारी देवदूत-बालके आणि पाइप ओढणारे बेडूक यांचे काम याहून साधे होते. व्यसनाला खेळकर आणि निरुपद्रवी करणे, एवढेच.

ड्यूकने १८८८ मध्ये काढलेल्या एका मालिकेचा विषय होता गरीब मुले जी पुढे श्रीमंत झाली. प्रत्येक पुस्तिकेत एका नामवंताची थोडक्यात चरित्रकथा होती. तंबाखूशी याचा संबंध शोधत बसू नये, गिऱ्हाइकाच्या आकांक्षेशी शोधावा. ती पुस्तिका हाती घेणारा कारकून किंवा गिरणीतला पोरगा स्वतःला त्या यादीतला पुढचा समजत असणार.

पुठ्ठ्यावरचे जग आणि कल्पनेतील पूर्व

झेंडे, शस्त्रे, नाणी, राजे, लोकपोशाख, सगळ्या देशांचे धूम्रपान करणारे लोक असे 'सर्व राष्ट्रांचे' संच १८८६ नंतर भराभर निघाले. प्रत्येक देशाला एक चौकट, एक टोपी, एक हत्यार. युरोपीय राष्ट्रे बहुधा राजचिन्हाने ओळखली जात, तर आशिया-आफ्रिकेचे लोक पोशाखाने आणि अवजाराने. साम्राज्यांच्या त्या काळात जग म्हणजे जमवून, क्रम लावून, आल्बममध्ये पुरे करायची वस्तू आहे, ही जाणीव या संचांनी लहान मुलांपर्यंत पोचवली. इंग्लंडच्या विल्स कंपनीने १९१२ मध्ये 'सिझर्स' छापाच्या सिगारेटींबरोबर हिंदुस्थानी पलटणींची मालिका काढली. हिंदी शिपाई येथे आला तो साम्राज्याच्या संग्रहातील एक रंगीत गणवेश म्हणून. राजकारण फिरले की प्रतीक कसे अडचणीचे होते याचेही उदाहरण विल्सनेच दिले आहे. वॉटर्लूच्या लढाईच्या शताब्दीसाठी १९१५ मध्ये तयार केलेली मालिका त्यांनी बाजारात आणलीच नाही, कारण तेव्हा ज्या फ्रान्सचा त्या लढाईत पराभव झाला होता तोच युद्धातील मित्र होता.

पूर्वेचे आकर्षण तंबाखूच्या चित्रांत फार खोल गेले आहे. तुर्की पद्धतीची सुगंधी तंबाखू उंची समजली जाई. ऑटोमन साम्राज्यात १८८० च्या दशकात तंबाखूची मक्तेदारी एका परदेशी भांडवलाच्या कंपनीकडे गेल्यावर अनेक ग्रीक कारखानदार कैरोत आले आणि 'इजिप्शियन' सिगारेट जगभर गाजली. तिच्या डब्यांवर पिरॅमिड, स्फिंक्स, खजुरीची झाडे आणि बुरख्याआडचे डोळे होते. गंमत अशी की इजिप्तमध्ये १८९० पासून तंबाखूच्या लागवडीवर बंदी होती आणि पाने येत ती मॅसिडोनिया व अनातोलियाकडून. चित्र एका देशाचे, पान दुसऱ्या देशाचे आणि कारखानदार तिसऱ्या समाजाचा. मग अमेरिकनांनी याची नक्कल केली आणि 'मुराद', 'हसन', 'फातिमा', 'मक्का' असे छाप काढले. इस्लामच्या सर्वांत पवित्र शहराचे नाव सिगारेटला देताना कोणाला संकोच वाटल्याचे दिसत नाही. १९११ मध्ये 'मक्का' सिगारेटींबरोबर मिळणारी बेसबॉलपटूंची कार्डे दुमडता येत. दुमडले की खालचे पाय तेच राहून वर दुसराच खेळाडू दिसे. पूर्वेचे नाव आणि अमेरिकेचा खेळ एकाच पुठ्ठ्यावर सुखाने नांदत होते.

१८९० मध्ये ड्यूकने पाच प्रमुख कंपन्या एकत्र करून 'अमेरिकन टोबॅको कंपनी' स्थापली आणि स्पर्धाच उरली नाही, तेव्हा चढाओढीने सुंदर कार्डे काढण्याचे कारणही नाहीसे झाले. १९०९ च्या सुमारास तुर्की छापांच्या निमित्ताने ती थोडी परतली. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ही मक्तेदारी मोडली. ब्रिटनमध्ये कार्डे दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईपर्यंत, म्हणजे १९४० पर्यंत, चालू राहिली. आज अमेरिकन कार्डांचा अभ्यास करणारे जे क्रमांक वापरतात, ते जेफरसन बर्डिक या एकट्या हौशी संग्राहकाने लावलेले आहेत. त्याने आपला तीन लाखांहून अधिक कार्डांचा व छापील कागदांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि १९६३ मध्ये मरण्यापूर्वी तो लावण्याचे कामही जवळपास पुरे करून ठेवले.

१९१३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या आर. जे. रेनॉल्ड्‌स याने 'कॅमल' सिगारेट बाजारात आणली. पाकिटावर उंट, पिरॅमिड आणि खजुरीची झाडे, म्हणजे कैरोच्या डब्यांवरून उचललेले सगळे साहित्य होते. उंट मात्र गावात आलेल्या बार्नम अँड बेली सर्कशीतील ओल्ड जो नावाच्या जनावराच्या छायाचित्रावरून काढलेला. त्याच पाकिटाच्या मागे गिऱ्हाइकासाठी एक सूचना छापलेली होती: आत भेटवस्तू किंवा कूपन शोधू नये, कारण यातील तंबाखूची किंमतच इतकी आहे की ते देणे परवडत नाही.